दोन, तीन, पाच

पुन्ता अरेनासच्या धक्क्यामागे, लोकरीच्या गोदामात
वारा दिवसभर पत्रे मोजत असतो.
मी टेबलाखाली पालथा,
दातांत टॉर्च, मुठीत केबल,
आणि वरून एदुविना विचारते,
"डबा एवढासा. ह्यात मावतं तरी काय?"

काही मावत नाही, बाई.
डिस्क नाही, पंखा नाही.
सकाळी उठतो आणि तारेवरून विचारतो, मी कोण?
गावातला सर्व्हर सांगतो, तू अमुक, तुझं काम तमुक.
तेवढ्यावर दिवस काढतो.
आडात असेल तेच पोहऱ्यात येणार,
आणि संध्याकाळी पोहरा कोरडा.

तिला हे पटलं नाही.
जुन्या संगणकात तिच्या अठरा वर्षांच्या गासड्या होत्या,
पडद्याच्या कडेला चिकटवलेला कुणा संताचा फोटोही होता.
फोटो तिने सोलून नव्या डब्याला लावला.
डबा तेवढ्याने थोडा तिरका झाला.

काटा मात्र तोच. लोखंडी, हिरवा, हट्टी.
मागे नऊ पिनांचं सॉकेट,
त्यातल्या कामाच्या तीनच : दोन, तीन, पाच.
बाकीच्या लग्नाला आलेल्या.
ह्याची दोन त्याच्या तीनला, ह्याची तीन त्याच्या दोनला,
बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी.
मी घाईत सरळ जोडली.
काटा बोलत राहिला, डबा बोलत राहिला,
अर्धा तास गेला त्यात.
पाच नंबरची पीन म्हणजे जमीन.
शून्य कुठे धरायचं ते दोघांनी आधी ठरवायचं असतं.

पहिली गासडी चढली.
पडद्यावर उमटलं एक अधिक-उणेचं चिन्ह,
मग कुठल्याशा अक्षराची तुटलेली शेपटी,
मग तीन.
"तीन बरोबर आहे," एदुविना म्हणाली,
काट्याच्या काचेवर बोट ठेवून. एकशे त्र्याऐंशी.
आठ बिटं नाहीत, सात. वर सम पॅरिटी.
मी वहीत लिहून घेतलं आणि कानाला खडा लावला :
म्हाताऱ्या यंत्राला आधी त्याची भाषा विचारावी.

आता लेबल.
तिने बटण दाबलं.
कोपऱ्यातला प्रिंटर, सुयांचा, रिबन ओली,
ढिम्म.
पुन्हा दाबलं. पुन्हा ढिम्म.
वारा पत्रे मोजतच होता.

मग फोन वाजला.
सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनीरहून, आब्दोन मान्सिया.
बारा वर्षांपूर्वी ह्याच काट्यावरून भांडून
फेरीत बसलेला, तो परतलाच नाही.
मला इकडची बाजू ऐकू येत होती, आणि तिकडची थोडी.

"तुमची गासडी माझ्याकडे छापून आलीय. दोनदा."
"किती दाखवतंय?"
"एकशे त्र्याऐंशी."
"बरोबर आहे."
"काटा दुरुस्त केलात म्हणायचा."
"काटा बिघडला कधी होता?"

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
फोनमध्येही पत्रे वाजत होते,
तिकडचे की इकडचे, कळेना.

चूक माझी. सर्व्हरवर रांगेचं नाव जुनं राहिलं होतं,
एका आकड्याचा फरक.
चार मिनिटांत सरळ केलं.
कोपऱ्यातला प्रिंटर खोकला, आणि चरचरत
दुसऱ्या गासडीचं लेबल बाहेर आलं.

"पहिलीचं पुन्हा काढू?" मी विचारलं.
एदुविना सुई ओवत होती, गोणपाटाला लेबल शिवायची, जाड.
"नको. त्याला पाठवू दे.
शुक्रवारी फेरी आहे."

पहिली गासडी बिनलेबलाची दाराशी उभी राहिली.
मी हत्यारं गोळा केली.
बिलात दोन तास लावले,
तो अर्धा तास वगळून.