हातचे दोन

केमीत डिसेंबरात दुपारी दीडलाच दिवे लागतात.
वाचनालयाच्या तळघरात स्कॅनर गुणगुणत असतो
आणि मी लिहिलेल्या चाळीस ओळी
गावाचे जुने फोटो एकेक करून
कुठल्याशा दूरच्या सर्व्हरच्या दारात नेऊन ठेवतात.

आउने आली बुटांवरचा बर्फ झटकत.
वय चौऱ्याऐंशी. पिशवीत बिस्किटांचा डबा, डब्यात एकच फोटो:
लाकडाच्या गिरणीपुढे तिचा बाप, एइनारी,
उजव्या मनगटाच्या खाली बुरशीने खाल्लेला.
"एवढा हात भरून दे," म्हणाली,
कोटाची उसवलेली बाही शिंप्याला दाखवावी तशी.

पहिली खेप दारातूनच परत. चारशे तेरा.
म्हणजे काय?
म्हणजे सामान जड झालं.
"एकच तर फोटो आहे," ती म्हणाली, "तोही अर्धा."

आकार घटवला. चावी पुन्हा जोडली.
विनंतीचे दोन भाग, मध्ये सीमा म्हणून
अंकांची एक निरर्थक ओळ;
वरच्या भागात बाप, खालच्या भागात त्याचं वर्णन.
दोनशे दोन. पोचपावती: काम घेतलं आहे, थांबा.
दर तीन सेकंदांनी मी विचारत राहिलो,
झालं? रांगेत आहे.
झालं? रांगेत आहे.
तिने थर्मासातली कॉफी दोघांत वाटली.

मग हात आला.
रुंद, रापलेला, नखांत भुसासुद्धा.
पाच बोटं.

"हा कुणाचा?" ती हसली.
"मधलं आणि त्याच्या शेजारचं करवतीत राहिलं त्याचं,
मी जन्मायच्या आदल्या हिवाळ्यात."

मी लिहिलं: तीन बोटं.
पाच आली.
लिहिलं: दोन तुटलेली, जुनी जखम.
नकार आला, असली चित्रं नियमात बसत नाहीत.
लिहिलं: अंगठा, तर्जनी, करंगळी, बस्स.
सहा आली.
मग हात खिशात गेला. मग हातमोज्यात.
पाची बोटं सारखी नसतात हे त्याला पक्कं ठाऊक;
पाच नसतातही, हे कुणी शिकवलं नव्हतं.

लाखो हात पाहिलेत त्याने, मी समजावू लागलो,
पण गिरणीतले फार थोडे.
"गिरणीतल्यांचे फोटो काढायला कोण यायचं?
बोटावर मोजण्याइतके,"
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईतो हसली.

नवव्या खेपेला क्रेडिट संपले.
दुवा तासभरच जगतो,
म्हणून पहिलाच हात उतरवून घेतला,
जाड कागदावर छापला.

तिने बराच वेळ पाहिलं.
"याच हाताने तो अकॉर्डियन वाजवायचा म्हणे.
आईने ऐकलं होतं.
मी नाही."

मग कात्री मागितली.
फोटोची कड कापायची असेल म्हणून मी दिली.
अगदी सावकाश, जीभ दातांत धरून, शाळकरी पोरीसारखं
तिने मधलं बोट कापलं. मग शेजारचं.
"आता आहे," म्हणाली.
खाचेतून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

दोन कपटे उरले, तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे.
मी केराची टोपली पुढे केली.
तिने असं पाहिलं की मागे घेतली.
बेरीज करताना हातचा बाजूला मांडून ठेवतात,
तसे तिने ते नाण्यांच्या पाकिटात ठेवले,
बसच्या पासाशेजारी.

ती गेल्यावर सवयीने तो दुवा उघडला.
चारशे दहा.
इथे होतं. आता नाही.

वर आलो तर ती अजून थांब्यावर,
उणे अठरात एक हातमोजा काढून
उघड्या बोटांनी पाकीट चाचपत.