एकतीस पांढरे, एक काळा

पुस्तकात धडा दीड पानाचा होता.
मी म्हटलं, हा वाचायचा नाही, करायचा.
गोडेतेलाचा रिकामा डबा, वरच्या पत्र्याला चीर,
बोटाला शाळेच्या शिक्क्याची जांभळी शाई,
आणि प्रत्येकाला दोन चिंचोके:
फरशीवर घासून पांढरा केलेला म्हणजे हो,
न घासलेला म्हणजे नाही.

सोमवारी खो-खो जिंकला, लंगडी हरली.
मंगळवारी ठरलं, खिडकीजवळची जागा
दर आठवड्याला बदलायची.
दुधनेवरून येणाऱ्या वाऱ्यानं पत्रे वाजत होते
आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

बुधवारी मुंजाजी उठला.
"वर्ग रोज लिंबाजीनं झाडायचा. त्यो नवा हाय."
लिंबाजी वीटभट्टीवरून येतो, मूळचा किनवटकडचा,
सिमेंटच्या गोणीचं दप्तर,
केसांत राख.
डबा फिरला. मी टेबलावर ओतला.
एकतीस पांढरे. एक काळा.
कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती;
इतकं उघडं गुप्त मतदान
मी कधी पाहिलं नव्हतं.

"बहुमत, बाई!" वर्ग ओरडला.
मीच शिकवलेला शब्द
माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा.
लिंबाजी तर उठलाही होता,
कोपऱ्यातला फडा त्याच्या हातात.

तेवढ्यात अल्फिया, शेवटच्या रांगेतून:
"बाई, उद्या एकतीस जणांनी ठरवलं
अल्फियानं शाळंत यायचं नाई, तर?"
"आसं कामून म्हणतील?" मुंजाजी.
"म्हणल्यावर मी कुणाला सांगू मग?"
आणि जरा थांबून, खाली बघत,
"मी बी पांढराच टाकलता."

माझ्या टाचणवहीत याचं उत्तर नव्हतं.
मधली सुट्टी झाली, खिचडी झाली,
त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.
दुपारी एका पुठ्ठ्यावर मी लिहिलं,
ज्यावर मत घ्यायचं नाही,
आणि स्केचपेन पोरांकडं दिला.
कोण कुणाशेजारी बसणार.
कुणी कोणत्या ग्लासानं पाणी प्यायचं.
चिडवायची नावं (हे तीनदा, तीन अक्षरांत).
मुंजाजी बराच वेळ पेन धरून बसला,
मग लिहिलं: फडा.

झाडायची पाळी हजेरीच्या नंबरानं लागली.
लिंबाजीचा बत्तिसावा.
त्याचा दिवस उजाडला तेव्हा
भट्टी विझली होती,
ट्रॅक्टर परवाच किनवटच्या वाटेला लागला होता.
वर्गात कागदाचे कपटे, बाभळीचा पाला.
हजेरीत त्याच्या नावापुढं फुली मारून
मी मान वर केली,
तर मुंजाजी वाकून झाडत होता.
"आज तुझी पाळी नाही रे."
"माहीत हाय," धूळ दाराकडं लोटत तो म्हणाला,
"ह्याला बी मत लागतंय का, बाई?"