उताराकडे तोंड

राजोलीच्या फाटकाशी थांबले
की माझा डावा पाय आपोआप क्लचवरून उठतो.
गियर न्यूट्रल. हॅन्डब्रेक वर. तळवा मॅटवर.
"किती टाइम हाय वं पोरी?"
मालगाडी आहे आजी, कोळशाची. डबे मोज.

शेजारी घुसलेल्या बोलेरोतला पोरगा
पहिला गियर टाकून,
अर्धा पाय वर, अर्धा खाली,
गाडी वीतभर पुढे नेतो, वीतभर मागे येऊ देतो,
जुवाखाली पहिल्यांदा आणलेल्या गोऱ्ह्यासारखी.
फाटक त्याच्यासाठी लवकर उघडणार नाही.
जळका वास तेवढा माझ्यापर्यंत येतो.

वारलूकाका असते तर उतरून गेले असते
त्याच्या काचेशी:
"गाडी त थांबली नं बाबू, तू कवा थांबशीन?"

मला शिकवलं त्यांनीच,
धान कापून झालेल्या बांधीत, धुऱ्याधुऱ्याने.
पहिले आठ दिवस चालवणं नाहीच,
नुसतं थांबणं.
मी चिडले, म्हटलं, थांबायला काय शिकायचं,
थांबलेलीच तर आहे सगळी जिंदगी.
ते बिडी विझवून म्हणाले,
"चालवाले त कोनालेबी येते."

आणि मग लावणं.
चढाकडे तोंड असलं तर पहिला.
उताराकडे असलं तर रिव्हर्स.
हॅन्डब्रेक ओढायचा, पण भरवसा नाही ठेवायचा,
"हॅन्डब्रेक म्हंजे जावयाचा सबूद, समजली का?"
आणि वरून मागच्या चाकाखाली
बिजाच्या लाकडाचा गुटका,
दोरी बांधलेला, तेलाने काळा झालेला,
जो सीटखाली त्यांच्या डब्याच्या शेजारी असायचा.

याच्यामागे एक बोडी आहे.
काका तेव्हा बावीस वर्षांचे, मालकाची जीप, वरात.
पाळीवर गाडी उभी केली, ब्रेक ओढला,
आणि वाजंत्री ऐकायला गेले.
मागच्या सीटवर नवरदेवाची मावशी झोपली होती.
जीप कोणाला न सांगता निघाली,
कमळाची पानं बाजूला सारत
बॉनेटपर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली.
मावशी दार ढकलून बाहेर आली,
लुगडं पिळलं
आणि पहिल्यांदा पान मागितलं.
हे सांगताना काका हसायचे नाहीत.
आम्हीच हसायचो.

मागच्या पोळ्याला त्यांचा डावा पाय गेला.
सकाळी उठले तर तो उठेना.
"क्लचचाच गेला," म्हणाले, बोबडं,
आणि चावी माझ्याकडे सरकवली,
जशी दुकानदाराने सुटे पैसे सरकवावेत.

आता काळी-पिवळी माझ्याकडे.
ग्रामपंचायतीतून त्यांना चाकाची खुर्ची मिळाली.
अंगण उतरतं आहे, थेट बोडीकडे,
तीच बोडी.
खुर्चीला गियर नाही.
एक एवढासा ब्रेक आहे, चिमटीत मावेल असा.
त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला, सोडून पाहिला,
माझ्याकडे पाहिलं.

गुटका तेव्हापासून अंगणातच असतो.
माझ्या गाडीला मी दगड लावते,
सिंदेवाहीच्या स्टँडवर एक नेमून ठेवला आहे,
त्याला कोणी हात लावत नाही.

शेवटची फेरी करून संध्याकाळी जाते.
सुनेने त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलेलं असतं,
सुरक्षित म्हणून.
मी फिरवते. त्यांना बोडी पाहायची असते,
पाळीवरून जाणाऱ्या गाड्या,
कोण कसा लावतो ते.
वाकून चाकाखाली गुटका सारते,
दोरी त्यांच्या हातात देते.

ते दोरी ओढून पाहतात.
"रिव्हर्स टाकला का?"
टाकला, काका.
मग त्यांचा उजवा पाय
हळूच पायपट्टीवरून उतरतो
आणि जमिनीवर पूर्ण टेकतो.