दोन रकाने

गटाच्या खोक्यातून आली तेव्हा
सगळी मुठीत मावत होती.
डॉक्टर म्हणाले, दुहेरी जात आहे, वहिनी,
अंडंही देते, मांसही.
वहीत दोन रकाने आखा.
आखले. पोरीच्या भूगोलाच्या वहीत
मागची पानं कोरी होती.

तिसरा रकाना मीच वाढवला, कडेला, बारीक.
त्याला नाव दिलं नाही.
दुसऱ्या महिन्यात कळायला लागलं
की पिसांच्या आत प्रत्येकीचं वेगळंच काही चाललंय.

गिरिराजा बसकी.
ऊन सरकलं की तीही सरकते,
उठून नव्हे, बसल्या बसल्याच,
एसटीच्या बाकावर जागा करून देणाऱ्या बाईसारखी.
अंड्यावर दोन दिवस बसते,
तिसऱ्या दिवशी विसरते कशाला बसलो होतो.

कावेरीला दोरीवरच्या परकराचंही भय.
कळशी वाजली, उडाली.
नारळाची झावळ पडली, उडाली,
थेट मांगराच्या कौलांवर.
अंडं मात्र रोज,
जणू कुणाचं देणं लागते.

तांबडी पुढारीण.
कणी टाकायच्या आधी हातावरच येते,
बाकीच्यांना पोटभर टोचून झालं
की मग खाते.
तिसऱ्या रकान्यात तिच्यापुढे लिहिलं, 'आगाऊ'.

आणि काळी.
डॉक्टरांनी सांगितलेलं नाव
आमच्या सासऱ्यांच्या जिभेला वळेना,
शेवटी काजळी म्हणायला लागलो.
उन्हात आली की पाठीवर हिरवी झाक,
ताज्या बांगड्यासारखी.
अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून
मी पडवीत कालवांची शिंपं कुटायची,
ती येऊन पायाला टेकून उभी राहायची.
वरवंट्याचा धाक नाही, माणसाचा नाही.
'शांत', असं लिहिलं होतं.

गावठी एकच, आधीपासूनची.
तिला रकाना नाही.
रात्री उंडीच्या झाडावर,
मुंगूस खाली येरझारा घालतं, ती वरून बघते.
खुडूक झाली तेव्हा
गिरिराजेची नऊ अंडी तिच्याखाली सरकवली.
सात निघाली.
महिन्याभरात तिच्याएवढी झाली,
तरी घार फिरली की ती पंख पसरायची,
आणि ती सात धुडं
डोकी तेवढी आत घालून
बाकी सगळी बाहेर.

नाताळच्या सुट्टीत बाबल कुबलचा फोन.
"गो, चार पावणे इले हत, मुंबयचे.
वडे-सागोती मागतत.
एक वजनदार दी, आत्ताच्या आत्ता."

तिन्हीसांजेला बाहेर पडले.
गिरिराजेचे तिन्ही कोंबे गेल्या आठवड्यात त्यालाच दिले होते.
कावेरीनं पावलं ओळखली, कौलांवर.
तांबडीला धरलं,
तिनं मनगटावर अशी चोच मारली
की हात आपोआप सुटला.
गावठी उंडीवर.
मी दमून पायरीवर टेकले.

काजळी चालत आली.
तिला वाटलं, शिंपं.

दोन किलो, तीनशे ग्रॅम.
दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ठळक अक्षरात,
आकडे नीट एकाखाली एक.
आलेल्या पैशातून पोरीच्या सहलीचे भरले,
उरले त्यात राणीखेतची लस.
खोटं कशाला बोलू, व्यवहार चांगला झाला.
फक्त दुसऱ्या दिवशी शिंपं कुटताना
पायाशी वारा लागत राहिला,
एकाच पायाला.

तिसऱ्या रकान्यातला तो शब्द
खोडायला घेतला होता.
मग राहू दिला.
चूक तिची नव्हती, शब्दाचीही नव्हती.

शिमग्यानंतर डॉक्टर आले,
नवी पिल्लं यायची होती.
वही चाळली, मान डोलावली, हिशेब पक्का म्हणाले.
यंदा कुठली देऊ? तीच काळी? गरीब असते, सांभाळायला बरी.

म्हटलं, जरा टोचरी द्या.

ते हसले. त्यांना गंमत वाटली.
मी बांगडी वर सारून
मनगटावरचा वण दाखवला.
ही तांबडीची.
अजून घालते.