टी म्हणजे चहा

शब्दकोश होता माझ्याकडे.
कण्याला चिकटपट्टी लावलेला,
बॅगेत तूरडाळीखाली दडपून आणलेला.
त्यात टी म्हणजे चहा.
म्हणून डोरीन हेपवर्थ कुंपणावरून म्हणाली,
शनिवारी टीला ये, पाच वाजता,
तर मी साडेचारला पिठलं-भात चापून जेवले
आणि पुडीत शंकरपाळे घेऊन गेले, बुडवायला.

टेबलावर बटाटे. वाटाणे. गाजरं.
आणि पाय, म्हणजे पाय नव्हे,
कणकेच्या झाकणाखाली चीज आणि कांदा.
चहा आला तो सगळ्यात शेवटी.
सिरिल म्हणाला, बार्न्सलीत डिनर दुपारी, रात्रीची ती टी,
आणि तू खातेस चिमणीसारखी, लव्ह.

लव्ह!
मी कानापर्यंत लाल.
एकवीस वर्षं झाली लग्नाला,
आमच्याकडे ‘अगं’वर भागलंय.
पुढे कळलं, बसवाला म्हणतो, मासेवाली म्हणते,
पोस्टातली बाई पार्सल वजनावर ठेवता ठेवता म्हणते.
सुट्ट्या नाण्यासारखा शब्द,
घेणारा मोजून घेत नाही.

आणि ‘ऑल राइट?’ असं विचारलं तर थांबायचं नसतं.
पहिला अख्खा हिवाळा मी थांबले,
दूधवाल्याला डावा गुडघा समजावून सांगितला.

फेब्रुवारीत डोरीन कुंपणाशी उभी होती,
हातात चिमटे, दोरीवर काहीच नाही.
म्हणाली, सिरिल जरा पुअरली आहे.
घरात येऊन पान काढलं.
पुअरली: दरिद्रीपणे, हलक्या प्रतीने.
मला वाटलं, पेन्शन अडकली असेल.
डबाभर बटाट्याची भाजी घेऊन गेले.

पलंग खाली, पुढच्या खोलीत आणलेला.
शेजारी नळकांडं, नाकात नळी,
आणि तो ‘जरा’
त्याच्या गळ्याच्या हाडांपर्यंत चढलेला.

मला कळायला हवं होतं.
आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात.
बांगडी पिचली तरी आई म्हणायची, वाढवली.
नारळसुद्धा.
ज्याला भ्यायचं त्याला उलट्या नावानं हाक मारायची,
हे मला कुणी इंग्रजीत शिकवायची गरज नव्हती.
तरी मी पान काढलं.

सिरिलने भाजीचा वास घेतला,
एक बोट उचलून म्हणाला, टा.
एवढंच. थँक यूला श्वास पुरला नसता.

दारात माझ्या तोंडून मराठीच निघालं: येते.
डोरीन म्हणाली, म्हणजे काय?
म्हटलं, येते म्हणजे जाते.
तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.
चिमटे अजून हातातच होते.
मग उद्या ये, म्हणाली. पाच वाजता. टीला.

दुसऱ्या दिवशी मी
न जेवता गेले.