पापणीभर मागाहून

असाहिकावात पहाटे तीनला
बर्फ सारायची गाडी कडेला लावून
हिरोत्सुगु डबीतून काढतो
स्वतःच्या कानाच्या साच्यातले दोन मणी.
बँड होता तेव्हाचे. वायर केव्हाच तुटली,
मणी शाबूत.

लेकीने काल दोन आकडे आणले,
कानामागे अडकवायचे, बिनतारी.
"दोन पिना आहेत. उलट्या घालू नकोस, बाबा."
बोटं बधिर; डावी तिसऱ्या खेपेला बसली.

कान आता म्हातारा, जरा पसरलेला,
साचा अठ्ठाविशीतला.
तरी जातो आत. थोडं दुखतं.

फोनवर जुना व्हिडिओ:
काठी ड्रमवर पडते,
आणि ठोका येतो
पापणीभर मागाहून.

एवढ्याच पापणीसाठी
केन्साकुने त्याला काढलं होतं.
"तू मागे पडतोस," म्हणाला होता,
बूट चढवता चढवता, वर न बघता.

हिरोत्सुगु पुन्हा लावतो. पुन्हा तेच.
मग गाडीत एकटाच हसतो,
आकड्यांना विचारतो,
तुम्हीपण का रे?

थंडीने उजव्याची बॅटरी आधी जाते.
डाव्यात चालू राहतो
काठी पडून गेल्यानंतरचा आवाज.
काचेपुढे बर्फ
साचतोच आहे.