उणे हळद

सौदे सुरू व्हायच्या आधी दस्तगीर शिकलगारांचा फोन:
"ताई, वसमतची गाडी भरून आली,
यार्डात रिकामी झाली,
अन् पावती म्हणतीया,
हळद उणे एकशे चौतीस क्विंटल.
आता मगदूम शेठनी पैसे द्यायचे
का घ्यायचे?"

विश्रामबागेतून स्कूटर काढली.
फाटकापासूनच नाकात हळद, भुवयांवर हळद,
काट्याच्या खोलीतल्या कॅलेंडरवर
फेब्रुवारीपर्यंत पिवळं झालेलं वर्ष.
नवा संगणक तेवढा कोरा,
आदल्या संध्याकाळी बसवलेला.

प्रोग्राम माझाच.
तेविसाव्या वर्षीचा,
सगळं एका ओळीत बसवायची हौस असते त्या वयातला:

नोंद( काटा(), काटा() )

पहिली जागा रिकाम्या गाडीची, दुसरी भरलेल्या,
छापील पावतीवर तोच क्रम होता म्हणून.
दोन्ही जागी एकच हाक.
आणि काटा हाकेसरशी पुढचं वजन सांगतो,
मागचं पुन्हा सांगत नाही.

जुना कम्पायलर उजवीकडून यायचा.
का, ते मला कॉलेजात नाही,
हरिपूरला मामांच्या पेवाच्या तोंडाशी कळलं होतं.
आधी टाकलेलं पोतं तळाशी जातं.
जे वर हवं, ते शेवटी टाकायचं.
तसा तो कंसातलं शेवटचं आधी उतरवायचा,
पहिलं वर राहावं म्हणून.
भरलेली गाडी उजवीकडे,
म्हणून तिचं वजन आधी.
बावीस वर्षं माझा हिशेब बरोबर आला
तो दुसऱ्याच्या सवयीवर.

नवा डावीकडून येतो.
त्याचीही चूक नाही.
भाषेचं नियमपुस्तक उघडलं, तर स्वच्छ लिहिलेलं:
कंसातलं कोण आधी,
हे ठरवलेलं नाही.

"मराठीत असं होत नसतं," मी उगाच म्हणाले.
"शेठनी हमालाला पैसे दिले.
पैसे हमालाला दिले शेठनी.
कसंही फिरवा,
कुणाचा खिसा हलका झाला ते प्रत्यय सांगतात.
कंसाला विभक्ती नसते, शिकलगार.
नुसती जागा असते.
आणि जागेवर येऊन बसलेलं
आधी आलं का नंतर,
ते जागेला कुठून कळणार?"

शिकलगारांनी पिवळं बोट त्यांच्या वहीवर टेकवलं.
दर गाडीपुढे दोन वेळा, शाईच्या पेनाने.
"गाडी आधी भरून येणार,
मग रिकामी हुणार.
ह्यात ठरवायचं काय, ताई?"

मी त्या ओळीतल्या स्वल्पविरामाकडे बघत राहिले.
इतकी वर्षं मी त्याला 'मग' समजत होते.
तो बिचारा नुसता 'आणि'.
त्याने कधीच काही कबूल केलं नव्हतं.

मग तीन ओळी लिहिल्या, शाळेतल्या मुलीसारख्या:

भरलेली = काटा();
रिकामी = काटा();
नोंद( रिकामी, भरलेली );

ओळीच्या शेवटी अर्धविराम.
'मग' म्हणतात तो हा.

पावती निघाली. एकशे चौतीस, डाव्या अंगाला रेघ नाही.
मगदूम शेठनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली,
घडी घातली,
आणि पलीकडच्या ढिगावर
रुमालाखाली बोटं धरायला निघून गेले.
शिकलगारांनी वहीत लिहिलं:
दहा वाजून वीस, संगणक उलटा.
बारा पाच, सुलटा.

संध्याकाळपर्यंत तिथेच बसून
अशा आणखी अकरा ओळी शोधल्या.
सात बदलल्या.
उरलेल्या चार कुठूनही वाचा,
उत्तर एकच येत होतं.
त्यांना हात लावला नाही.
बदलायला हव्या होत्या, मला माहीत आहे.